साडूभाऊ आणि सिंगापूरचा सर्व्हर

सबंध कोल्हापूर जिल्ह्यात आमच्या साडूंइतका सावकाश निरोप घेणारा माणूस झाला नाही, आणि पुढे होईल असंही मला वाटत नाही. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. लक्ष्मीपुरीत त्यांचं शेतीपंपांच्या सुट्या भागांचं दुकान. आवाज असा, की दुकानात कुजबुजले तरी रस्त्यापलीकडचा पानवाला मान डोलवायचा. आमच्याकडे जेवायला आले की हात धुताधुताच 'येतो आता' म्हणायचे, आणि त्यानंतर खरी बैठक सुरू व्हायची. एक निरोप बसल्या बसल्या, एक उभं राहून, एक चपला घालताना, एक फाटकाशी आणि शेवटचा स्कूटरला किक मारून झाल्यावर. हा शेवटचा सगळ्यांत लांबायचा, कारण स्कूटरच्या आवाजावर मात करून त्यांना उसाच्या दराबद्दल बोलायचं असायचं. मेव्हणी मागच्या सीटवर बसून एक डुलकी काढून घ्यायची. एकदा मी धीर करून विचारलं, की निघायला इतका वेळ कशाला लावता? तर म्हणाले, "उठला आन् तडक गेला, तर भांडून गेला आन् सांगून गेला ह्यात फरक काय ऱ्हायला?"

नव्वदच्या दशकात घरोघरी फोन आले, तेव्हा या स्वभावाला नवं कुरण मिळालं. फोन त्यांनी स्वतःहून कधी खाली ठेवला नाही. समोरच्यानं ठेवेपर्यंत हे रिसीव्हर कानाला लावून बसायचे. चुकून लागलेल्या फोनवरच्या माणसालाही 'पावणं, गाव कंचं?' म्हणून विचारायचे आणि त्याच्या गावात आपल्या ओळखीचं कोण आहे ते आठवायला लागायचे. त्यांचे सख्खे भाऊ उचगावला राहायचे. खोड घराण्यातलीच असल्यामुळे बोलण्याचा विषय संपला की दोन्हीकडे दोघे भाऊ रिसीव्हर धरून नुसते गप्प बसायचे. शेवटी उचगावची वहिनी येऊन तिकडची वायर उपसायची.

अशा माणसाच्या हाती सुजातानं डेटाबेस दिला. सुजाता त्यांची एकुलती मुलगी. कॉम्प्युटर शिकलेली, पुण्याच्या एका कंपनीत नोकरी हाताशी आलेली, पण जीव सगळा दुकानात. शाहूवाडीकडच्या शेतकऱ्यांसाठी साडूंनी मलकापुरात दुसरं दुकान काढलं होतं, आणि कुठला माल कुठल्या दुकानात आहे याचा पत्ता दोन्हीकडे नसायचा. सुजातानं दोन्हीकडच्या साठ्याची नोंद, म्हणजे हा डेटाबेस, एका कंपनीच्या सिंगापुरातल्या सर्व्हरवर भाड्यानं जागा घेऊन ठेवली. क्लाउड हा शब्द तेव्हा आमच्याकडे नुकताच कानावर पडायला लागला होता. दुकानांतल्या कॉम्प्युटरवर तिनं एक प्रोग्राम बसवला. त्याच्या चित्रावर दोनदा टिचकी मारायची, पासवर्ड द्यायचा, की सिंगापुरातला डेटाबेस खिडकीत हजर. साडूंनी अट घातली. उन्हाळ्याचा हंगाम यावर निभावला, तर दुकान सुजाताच्या ताब्यात. नाही निभावला, तर तिनं मुकाट्यानं पुण्याची नोकरी धरायची. शब्द फिरवणारं ते घराणं नव्हतं, त्यामुळे पोरगी झटून कामाला लागली.

साडूंनी आधी सर्व्हरची सोयरिकीला करतात तशी चौकशी केली. यंत्र कुणाच्या जागेत उभं आहे, राखणीला कोण, लोडशेडिंग कोणत्या वारी असतं. तिथं लोडशेडिंगच नसतं यावर त्यांचा विश्वास बसला नाही; सांगत नसतील, म्हणाले. पासवर्डचा तर त्यांना रागच आला. आपल्याच मालाला भेटायला आपलीच ओळख पटवायची म्हणजे काय? पण वीज जाऊन आली की दुकानाचा इंटरनेटवरचा पत्ता बदलतो आणि अनोळखी पत्त्यावरून आलेल्याला सर्व्हर दारातच अडवतो, सुजातानं नवा पत्ता नोंदवला तरच आत घेतो, हे कळल्यावर त्यांचं मत साफ फिरलं. राखणदार असाच पाहिजे, असं ते गिऱ्हाइकांनाही सांगू लागले. जेवणाच्या वेळी मात्र ते सर्व्हरकडे जायचे नाहीत. सिंगापुरात जेवणं आपल्या आधी उरकतात हे सुजातानं सांगितल्यापासून तर सकाळीसुद्धा घड्याळ बघूनच टिचकी मारायचे.

हंगाम सुरू झाला आणि रोज एकच तऱ्हा. सकाळी सगळं सुरळीत, दुपार झाली की ना लक्ष्मीपुरीत साठा दिसायचा, ना मलकापुरात. रात्री दुकानाचा मेन स्विच बंद केला की दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा ठीक. सर्व्हरवाले कळवायचे, की तुमच्या भाड्यात जितक्या जोडण्या बसतात तितक्या भरल्यात, आता नव्या माणसाला जागा नाही. दोन दुकानं, मोजकी माणसं, मग जागा भरते कशी? सुजाताचं जेवणावरचं लक्ष उडालं.

एप्रिलमधल्या एका भर दुपारी मी दुकानात होतो. काउंटरवर शेतकऱ्यांची ही गर्दी. उभा ऊस वाळतोय आणि पंप बंद, अशा माणसाला कितीसा धीर असणार? मलकापूरहून फोनवर फोन येत होते. साडूंनी सगळ्यांदेखत सांगून टाकलं, "बास झालं. उद्यापासनं जुनंच चालू. सुजे, पुण्याला कळीव, येतो म्हणून." माळ्यावर साडूंचा कॉम्प्युटर होता, तो बंद करायला म्हणून सुजाता वर गेली. मला राहवेना, मीही मागोमाग चढलो. बघतो तर पडद्याच्या तळाशी त्याच प्रोग्रामच्या खिडक्या एकीला एक चिकटून बसलेल्या, इतक्या, की कुणाचं नाव वाचता येईना. प्रत्येक खिडकीनं सर्व्हरवरची एकेक जागा धरून ठेवलेली. तिनं बापाला वर बोलावलं.

"अण्णा, ह्या बंद का केल्या न्हाईसा?"

"समोरचा बसलाय, आन् आपुन फुली मारून जायाचं व्हय?" साडू म्हणाले. "मी नुसतं बाजूला सारून ठेवतो. परत काम निघालं की परत नव्यानं जातो."

मला हसू आवरेना. सुजाताला हसावं की रडावं ते कळेना. ती खाली मान घालून एकेक खिडकी बंद करत गेली. सगळ्या संपायच्या आतच मलकापूरचा फोन आला, साठा दिसायला लागला म्हणून. साडू खाली उतरले आणि काउंटरवर दोन्ही हात टेकून सगळ्या गर्दीला म्हणाले, "माझ्यामुळं थांबलंतं. पोरीचं काय चुकलं न्हाय." आणि मग माळ्याकडे तोंड करून, "सुजे, पुण्याला कळीव की, येत न्हाय म्हणून."

एवढं होऊनही फुली मारायला त्यांचा हात धजत नव्हता. शेवटी सुजातानं दाखवलं, की त्याच प्रोग्राममध्ये जोडणी सोडायची एक वेगळी आज्ञा आहे. ती दिली की प्रोग्राम सर्व्हरला आम्ही निघतो असं रीतसर कळवतो. साडूंना इतकं समाधान वाटलं, की ज्यानं हे बनवलं तो चांगल्या घरचा असला पाहिजे, असं ते वर्षभर सांगत फिरत होते.

हंगाम निभावला, दुकान सुजाताचं झालं. साडू घरी बसले. पण दुपारची झोप झाली की, सुजातानं सर्व्हरला ओळख करून दिलेल्या घरच्या कॉम्प्युटरवरून साठा उघडायचे. बदलायचे काहीच नाहीत. पोरीनं आज काय काय विकलं तेवढं बघायचे, आणि रीतसर जोडणी सोडून चहाला जायचे. इकडे सुजाताच्या पडद्यावर, सर्व्हरला जोडलेल्यांच्या यादीत त्यांचं नाव उमटलं की ती आपल्याशीच म्हणायची, "अण्णा उठलं." एकदा मी साडूंना म्हटलं, इतकं कौतुक आहे तर पोरीला तोंडानं सांगा की. तर म्हणाले, "रोज जातोय की बघाय."

साडू गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. त्यांचे दिवस झाल्यावर सुजातानं पहिल्यांदा दुकान उघडलं, तेव्हा मी मुद्दाम जाऊन तिच्याशेजारी बसलो. दुपार कलली, गिऱ्हाईक पांगलं. तिनं ती यादी उघडली आणि बघत राहिली.

"काका," ती म्हणाली, "अण्णा आत्ता उठलं असतं."

साडूंची फार, फार आठवण आली. तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मीही त्या यादीकडे बघत बसलो.