कोर्टाने दिलेला एक तास

मैत्रिणींनो, आज मला माझीच लाज वाटायलीय.

आमची घटस्फोटाची केस लातूरच्या कोर्टात चालू आहे. सहा वर्षांची आरू माझ्याकडे असते. तिच्या वडलांना महिन्यातून दोनदा तिला भेटायचा हक्क कोर्टाने दिलाय. मागच्या दोन्ही वेळा मी "पाण्याचा टँकर येणार हाय" असं निमित्त सांगून तिला नेलंच नाही.

आज नेलं. पण निघताना बजावलं, "पप्पाशी बोलायचं न्हाई. बोललीस तर मी रडंन."

ते मुखेडहून एसटीने उन्हात आले होते. भेटीच्या खोलीत तासभर शाळेचं, मैत्रिणींचं विचारत राहिले. आरू मान खाली घालून गप्प. शेवटी "असू दे बाळा, मी परत येईन" म्हणाले आणि डोळे पुसत निघून गेले.

बाहेर आल्यावर तिने माझा हात धरला. "आई, मी एकदाबी बोलले न्हाई. आता तू रडणार न्हाईस ना?"

मी तिला घेऊन बसस्टँडवर धावले, तर गाडी निघून गेलेली. त्यांना फोन लावून तिच्या कानाशी धरला. ती माझ्याकडंच बघत राहिली. मी मान हलवली, तेव्हा कुठं हळूच "पप्पा" म्हणाली.

बापाला हाक मारायला माझ्या लेकराला माझी परवानगी लागावी?