आधी मामाला विचारा

गोंद्वे बाई शाळेत रुजू झाल्या त्या दिवशी मी नेहमीसारखी फाटकाशी मांदाझी, म्हणजे आमच्याकडच्या गोड पुऱ्या, तळत बसले होते. त्यांनी दोन घेतल्या, उभ्याउभ्याच खाल्ल्या आणि विचारलं, "मावशी, इथल्या मुली फुटबॉल नाही खेळत?"

"मुलींचा नेटबॉल. फुटबॉल पोरांचा."

"कुणी ठरवलं असं?"

"मला काय विचारता? मी पीठ मळणारी बाई."

बाई अंगानं काटकुळ्या, आवाज मात्र टेकडीपलीकडे जाणारा. मुलींना गोळा करून त्यांनी कधी भाषण दिलं नाही. शाळा सुटली की आंब्याखाली बसलेल्या घोळक्यात त्या चेंडू सोडून द्यायच्या. जी पायानं परत मारेल तिला म्हणायच्या, "उद्या बूट नसले तरी चालेल, ये." आमची तदाला नेटबॉलवाली. तिनं चेंडू अलगद हातात झेलला. बाई म्हणाल्या, "तू गोलात."

तदाला माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी, म्हणजे आमच्या रीतीप्रमाणे माझीच.

आता घरच्यांची परवानगी हवी. बाई उत्तरेकडच्या, मझिंबाच्या. तिकडे नवरा गुरं देऊन बायको घरी आणतो आणि मुलं बापाची होतात. म्हणून बाई सरळ तदालाच्या बापाकडे गेल्या. झूझे दुकानाच्या ओसरीत शिवणयंत्र चालवतो. पण आमच्या देझाकडे नवरा बायकोच्या गावात राहायला येतो आणि मुलांबाबत शब्द चालतो तो मामाचा. रोज माझ्या हातचं खाणाऱ्या बाईंनी मला एका शब्दानं विचारलं नाही. काखेत कळसा अन् गावाला वळसा.

झूझे म्हणाला, "खेळू दे की." बाई खूश होऊन गेल्या. झूझेला मात्र त्या दिवशी दुसरं काम सुचेना. या गावात त्याच्या स्वतःच्या मुलीबद्दल त्याला कुणी काही विचारलं, असं कधी झालंच नव्हतं. त्यानं निळं कापड काढलं आणि तिच्यासाठी गुडघ्याखाली येणारी चड्डी शिवली, म्हणजे कुठल्या म्हातारीला नाक मुरडायला जागा नको.

आमचा भाऊ झाकेयो, म्हणजे तदालाचा मामा. त्याला ही बातमी लागली ती गुत्त्यावर, चारचौघांत. तो तसाच सायकल हाणत मैदानावर आला.

"तदाला, घरी चल." मग बाईंकडे वळला. "जावयाला विचारलंत? तो पाहुणा आहे हो. भाची माझी आहे."

तदालानं कमरेला चितेंजेचं लांब कापड गुंडाळलं आणि मान खाली घालून सायकलीमागे चालू लागली. दुसऱ्या दिवशी मैदानावर जेमतेम तिघी. बाकीच्यांचे मामा झाकेयो काय करतो ते बघत बसले होते. तो नाहीच म्हणाला, तर मुलींचा फुटबॉल तिथेच संपणार होता.

बाई माझ्याकडे आल्या. "मावशी, माझं चुकलं काय?"

मी सांगितलं. ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. "म्हणजे मी पाहुण्याकडेच घराची किल्ली मागितली."

झाकेयोचा मला राग आला होता, पण रीत ती रीत. सकाळी आम्ही दोघी कोंबडी घेऊन त्याच्या दारी गेलो, गुडघे टेकून बसलो. बाई म्हणाल्या, "मामा, चुकले. आमच्याकडे बापाला विचारतात."

त्यानं कोंबडी हातात तोलून पाहिली. "कोंबडी घेतली. मुलीचं मात्र जमायचं नाही."

बाईंचा चेहरा पडला. मी तदालाकडून मागून आणलेली ती निळी चड्डी चितेंजेच्या घडीतून काढून त्याच्यापुढे ठेवली. आमचा आजा शिंपी होता, त्यामुळे झाकेयोला शिवण कळते. त्यानं ती उलटी केली, शिवणीवर नख ओढून पाहिलं. सगळीकडे दुहेरी टाके. पोर वाढेल म्हणून कमरेत कापड आत दुमडून ठेवलेलं.

"कुणी शिवली?"

"पाहुण्यानं," मी म्हटलं.

त्यानं कमरेतली दुमड पुन्हा बोटांनी चाचपली. काखेतली कोंबडी कुरकुरत होती. मग चड्डी घडी करून त्यानं बाईंच्या हातात दिली.

"खेळू दे तिला. पण बाई, पुढच्या वेळी आधी मला विचारायचं." घरात जाता जाता उंबऱ्यावर थांबला. "आणि मग त्यालाही."

बाई तिथून थेट दुकानाच्या ओसरीत गेल्या. मी मागोमाग. झूझे मान खाली घालून यंत्र चालवत होता. त्याच्यासमोर बाईंनी गुडघे टेकले, जसे मामापुढे टेकले होते तसेच.

"तदालाचे बाबा, मुलीला खेळायला पाठवाल का?"

"झाकेयोंना विचारलंत ना?"

"विचारलं. त्यांनीच सांगितलं, तुम्हालाही विचारायचं."

झूझेनं वर पाहिलं नाही. "पाठवीन की," एवढंच म्हणाला आणि पाय मारत राहिला. कापड सुईखालून सरकत होतं. रिळावरचा दोरा कधीच संपला होता. त्याला पत्ताच नव्हता.