दादाच्या प्रार्थनेतलं नाव

आमच्या घरात फूट पडली ती तारणावरून, म्हणजे आत्म्याच्या मुक्तीवरून. दादा उदगीरला आमच्याच ख्रिस्ती मंडळीचा पाळक, म्हणजे धर्मगुरू, होता. तारण केवळ कृपेनं मिळतं, माणसाच्या कृत्यांनी नाही, आणि राजकारण तर या जगाची घाण, असं तो मानायचा. मी निवृत्त नर्स. वस्तीला आठ-आठ दिवस पाणी येत नसताना नुसता विश्वास धरून बसणं मला प्रभूकडे पाठ फिरवल्यासारखं वाटायचं. मी नगरपरिषदेला उभी राहिले. मतदानाआधीच्या रविवारी दादा उपासनेत म्हणाला, "मतपेटीतून तारण येत न्हाई." मतदानाच्या दिवशी निम्मी मंडळी घरीच बसली. मी पडले. पुढं दादाची भोकरला बदली झाली आणि आमचं बोलणंच तुटलं.

चार वर्षं गेली. आई गेल्यावर दादानंच मला प्रार्थना करायला शिकवलं होतं; त्यामुळे डोळे मिटले की त्याचाच आवाज ऐकू यायचा. तारण कशानं होतं हे मला कळेनासं झालं होतं. मला माझा भाऊ पाहिजे होता, एवढंच कळत होतं.

यंदा ईस्टरच्या आधी राहवेना, म्हणून भोकरला जायला नांदेडची एसटी धरली. नायगावजवळ छातीत कळ आली, अंग घामानं भिजलं. शेजारच्या सीटवरच्या बाईनं गाडी थांबवायला लावली आणि माझ्यासोबत खाली उतरली. ती भाचीच्या साखरपुड्याला निघाली होती. मी म्हटलं, "तुम्ही जा." ती म्हणाली, "एकटीला सोडून कसं जाऊ, मावशी? साखरपुडा फोटोत बघता येतो." तिनं रिक्षानं दवाखान्यात नेलं, माझ्याकडून चार वर्षांच्या अबोल्याचं ऐकून माझ्या फोनवरून दादाला बोलावलं आणि तळपाय चोळत बसली. वेळेत आणलं, असं डॉक्टर म्हणाले.

दुपारी दादा आला. तिनं विचारलं, "तुम्हीच का यांचे दादा?"

"व्हय, भाऊ मी."

"मग इतके दिवस कुठं व्हता? सकाळधरून दादा, दादाच करून राहिल्या."

 ती निघाली तेव्हा दादा तिला पोचवायला बाहेरपर्यंत गेला.

आमचा वाद मिटलेला नाही. दादा आजही मत द्यायला जात नाही, आणि मी पुन्हा उभी राहणार आहे. पण त्या खाटेवर मी काहीच न करता मला सगळं मिळालं होतं, आणि ते दुसऱ्या कुणाच्या हातांनी आलं होतं. बरोबर कोण, हे ठरवायचं मी प्रभूवर सोडलं.

त्याच दिवशी संध्याकाळी दादानं माझ्या कपाळावर हात ठेवून प्रार्थना केली. "प्रभू, पंचशीलाबाईला सुखी ठेव," तो म्हणाला. पंचशीला कोण, हे क्षणभर मला कळलंच नाही. मला दवाखान्यात आणणाऱ्या त्या बाईचं नाव मी विचारलं नव्हतं; दादानं विचारलं होतं. लाजेनं आणि आनंदानं मला रडू आलं, आणि चार वर्षांनी मी त्याच्या मागून आमेन म्हटलं.