बरणीतले यीस्ट घेऊन पोर्टलंडला

माझी पत्नी वसुधा गेली, त्यानंतर आमच्या जर्सी सिटीच्या घरातील बहुतेक वस्तूंची यथावकाश व्यवस्था लागली. फ्रिजमधील एक बरणी तेवढी राहिली. तीत यीस्ट होते. वसुधा घरी एल, म्हणजे जुन्या इंग्रजी पद्धतीची बिअर, करीत असे. मेन राज्यातील पोर्टलंडच्या एका लहान ब्रुअरीतून मागून आणलेले ते यीस्ट तिने विरजणासारखे वर्षानुवर्षे जपले होते. आता कित्येक महिने त्याला कोणी हात लावला नव्हता. ते जिवंत आहे की नाही, हे कळल्याखेरीज बरणी टाकणे मला शक्य नव्हते. आणि पाहून तर काही कळत नव्हते.

"मग जिथून आणलं तिथेच जाऊन विचारू या," माझी मेव्हणी शैला म्हणाली. "भावोजी, तुम्ही ड्राइव्ह करा, बिअर मी पिते. झाली कामाची वाटणी."

शुक्रवारी सकाळी निघालो. जेवणाचा थांबा धरून सात तास मोजावेत. कनेक्टिकटमध्ये मेरिट पार्कवे घ्यावा. त्यावर ट्रकना बंदी असून दुतर्फा झाडी आहे. बॉस्टन शहरात शिरू नये, बाहेरून जावे. बरणी बर्फाच्या पेटीत घालून, मागच्या सीटवर पट्टा बांधून ठेवली होती. "मला कधी इतकं जपून नेलं नाहीत," शैला म्हणाली.

उन्हाळ्यात पोर्टलंडच्या बंदराजवळची हॉटेले फार महाग असतात. आम्ही विमानतळापाशी उतरलो आणि गावात टॅक्सीने गेलो, कारण पिणाऱ्याने गाडी चालवू नये, आणि एक घोट घेण्याचा माझाही विचार होता. रस्ते दगडविटांचे आहेत. सपाट जोडे घालावेत. शाकाहारी वाचकांस नम्र सूचना: येथे बटाट्याचे फ्राइज काही ठिकाणी बदकाच्या चरबीत तळतात. आधी विचारावे. शैलाने नंतर विचारले.

ब्रुअरीचा मालक इयन मूळचा उत्तर इंग्लंडमधील लीड्सचा. त्याच्याकडे एल पिंपातून हातपंपाने उपसतात. ती बर्फगार नसते, तळघराइतकीच थंड असते आणि तिला फेसही बेताचा असतो. नवख्यांनी लाकडी फळीवर मिळणारे चार छोटे पेले मागवावेत. मी चौथा पेला संपवून माझे मत नम्रपणे नोंदवले.

"चव स्वच्छ आहे. परंतु शेवटी जो आंबटपणा यावयास हवा, तो येत नाही."

इयनने पंपाचा दांडा सोडला. "आंबटपणा? कुणाच्या एलमध्ये असतो?"

"माझ्या पत्नीच्या. आपल्याच यीस्टच्या."

मी त्याला बरणीची हकीकत सांगितली, तसा तो म्हणाला, "बरणी उद्या सकाळी आणा. आणि कृपा करून दाराच्या आत आणू नका, आमच्या यीस्टला लागण होईल."

दुसऱ्या दिवशी त्याने अंगणातल्या बाकावर सूक्ष्मदर्शक मांडला. यीस्टच्या थेंबात निळा रंग मिसळला. मेलेल्या पेशी निळ्या होतात, जिवंत असतात त्या बिनरंगी राहतात. मी डोळा लावला. निळे, निळे, सगळे निळेच. शैला मागून "दिसलं का? दिसलं का?" करीत होती. मग कडेला एक स्वच्छ ठिपका दिसला. त्याच्या शेजारी आणखी दोन.

"जिवंत आहे," मी म्हणालो.

इयनने पाहिले आणि तो हसू लागला. "आहे खरं. पण एकटं नाही. या बारीक काड्या दिसतात ना, ते जिवाणू आमच्याकडचे नाहीत. घरी दही लावता का?"

शैलाने बाकावर थाप मारली. "ताईचा चमचा! दह्याला तोच, बिअरला तोच! मी हजारदा सांगितलं होतं!"

एल आंबटच असते, या समजुतीने मी तीन राज्यांतील वेटरांच्या चुका सौजन्यपूर्वक काढल्या आहेत. त्या सर्वांची येथे क्षमा मागतो.

इयनने ताज्या यीस्टची बाटली भरून दिली. एकाचे यीस्ट बिघडले की शेजारच्या ब्रुअरीतून मागून आणायचे, अशी लीड्सकडे जुनी रीत आहे, असे तो म्हणाला. त्याने पैसे घेतले नाहीत. "जुनं टाकून द्या."

"ही बाटली शैला नेईल," मी म्हणालो. "माझ्या बरणीला खायला काय द्यायचे, ते सांगा."

"भावोजी, आंबट होणार ती."

"होऊ दे."

घरी परतून त्याने सांगितल्याप्रमाणे माल्टचे, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाचे, कोमट पाणी घातले. दोन दिवस काहीच झाले नाही. तिसऱ्या दिवशी झाकणाखाली फेस आला, आणि मी लगेच शैलाला फोन केला. तेव्हापासून बरणीला वेळोवेळी खायला घालावे लागते, म्हणून दीर्घ प्रवास बंद आहेत. परवा मुलाने दूर पश्चिम किनाऱ्यावरील सनीव्हेलहून फोन करून हिवाळाभर राहायला बोलावले. तुझ्या फ्रिजमध्ये जागा आहे का, असे मी विचारले.

"फ्रिजमध्ये? फॉर व्हॉट, बाबा?"

"यीस्टसाठी."

त्याने विचारले, "आईचं?" मग म्हणाला, "ओके. दह्यापासून लांब ठेवायचं का?"

"नको," मी म्हणालो. "शेजारीच ठेव."