सहा सर्जनांतली एक

मार्लिस कोस्केला कधी स्वस्थ बसलेली मी पाहिली नाही. बसायची ती फक्त बर्फाच्या रिंकवरच्या गाडीवर, आणि ती गाडीही चालतीच असायची. आमच्या खाणींच्या पट्ट्यात बर्फावरची हॉकी म्हणजे जीव की प्राण. मध्यंतरात, पोरांनी खरवडून ठेवलेल्या बर्फावर गरम पाणी फिरवून तो पुन्हा काचेसारखा करायचा, हे मार्लिसचं काम. नवरा डेल खाणीत ट्रक चालवायचा. मी इथल्या इस्पितळाच्या प्रयोगशाळेत आहे आणि माझी दोन्ही मुलं त्याच रिंकवर आपटत-धडपडत वाढली. मार्लिसची नि माझी ओळख झाली ती तिथलीच, कुडकुडत कॉफी पितानाची.

तिची एकुलती एक मुलगी ब्रिटा. हुशार, मोजकं बोलणारी. शाळेत असल्यापासून एकच धोशा, सर्जन व्हायचं. तिला दोन ठिकाणी प्रवेश मिळाला. एक आपल्याच राज्यातलं जुनं कॉलेज, घरापासून दीड तासावर. दुसरं दूरच्या राज्यातलं, नवंकोरं, खाजगी.

इथे डॉक्टरकीची पदवी हातात पडली म्हणजे संपलं असं नसतं. पुढे रेसिडेन्सी, म्हणजे इस्पितळात काही वर्षं काम करत शिकणं, करावी लागते. मुलं आपल्या पसंतीची इस्पितळं सांगतात, इस्पितळं त्यांच्या पसंतीची मुलं सांगतात, आणि मार्च महिन्यात संगणक जोड्या लावून मोकळा होतो. याला सगळे ‘मॅच’ म्हणतात. आपल्या किती मुलांची मॅच लागली, त्यातले किती सर्जन, किती हाडांचे डॉक्टर, हे कॉलेजं मग वर्षभर मिरवतात. मार्लिसने दोन्ही कॉलेजांचे आकडे हॉकीच्या गुणतक्त्यासारखे पाठ केले होते.

जोडी प्रेबिचचं गावात फुलांचं दुकान. तिचा मुलगा कोल्टन जुन्या कॉलेजात जाणार होता. रिंकच्या बाकांवर दोघींची रोज जुंपायची.

“तुमच्या त्या कॉलेजातून निघतं काय गं? फॅमिली डॉक्टर, नि त्याच्यामागे आणखी एक फॅमिली डॉक्टर,” मार्लिस म्हणायची. “आमच्याकडे बघ. सर्जन आहेत, मेंदूवाले आहेत. आणि अठ्ठ्याण्णव टक्के मॅच!”

“बरं झालं,” जोडी म्हणायची. “आता मला सर्दी झाली की मेंदूवाल्याकडेच जाईन.”

ब्रिटाचं मन थोडं जुन्या कॉलेजकडे ओढ घेत होतं, हे मला पुष्कळ नंतर कळलं. तेव्हा मात्र मार्लिसचा आवाज इतका मोठा होता की बाकी कुणाचं काही ऐकूच येत नव्हतं. ब्रिटा नव्या कॉलेजात गेली.

बघता बघता ती शेवटच्या वर्षाला आली. मॅचचा निकाल दोन टप्प्यांत लागतो. सोमवारी कळतं जागा मिळाली की नाही, आणि कुठे मिळाली ते शुक्रवारी. त्या सोमवारी मला सुट्टी होती, म्हणून मी मार्लिसच्या सोबतीला रिंकवर गेले. सकाळी तिथे म्हातारी मंडळी स्केटिंगला येतात. पण मार्लिस त्यांना बर्फावर पाऊल टाकू देईल तर ना. एकदा फिरवून झालं तरी पुन्हा गाडी घेऊन निघाली.

“मार्लिस, बर्फ आहे तो, लग्नाचा शर्ट नाही!” कठड्याला टेकलेला आर्नी ओरडला. “इस्त्री तरी किती फिरवशील?”

तेवढ्यात तिचा फोन वाजला. तिने रिंकच्या मधोमध गाडी थांबवली. फोन स्पीकरवर होता, आणि रिकाम्या रिंकमध्ये साधं खोकलं तरी घुमतं. ब्रिटाचे शब्द कठड्याशी उभ्या असलेल्या मला स्पष्ट ऐकू आले. बाकीची मंडळी कंटाळून कॉफीला गेली होती आणि आर्नी कानाने अधू होता म्हणून बरं.

“आई, नाही लागली.”

“म्हणजे? सर्जरी नाही मिळाली?”

“काहीच नाही मिळालं. कुठेच नाही.”

“अगं, पण अठ्ठ्याण्णव टक्के...”

“आई, आकडे नकोत. आता नकोत.”

फोन बंद झाला. मार्लिस तशीच बसून राहिली. गाडीतलं गरम पाणी एकाच जागी गळत होतं. मी हाका मारून तिला भानावर आणलं तोवर बर्फात चांगला हातभर रुंदीचा खळगा पडला होता.

ज्यांची जोडी लागत नाही, त्यांना त्याच आठवड्यात उरल्यासुरल्या जागांमागे धावावं लागतं. ब्रिटा तिकडे फोनला चिकटून होती, आणि इकडे मार्लिसने मंगळवारी बॅग भरून ती गाडीत टाकलीसुद्धा. डेलने मुकाट्याने किल्ली उचलून खिशात घातली.

“तिथे जाऊन करणार काय तू? डीनला बर्फावरून फरफटवणार?”

“हो.”

“जेवून घे आधी.”

ती जेवली नाही. कुलूप लावलेल्या गाडीभोवती फेऱ्या मारत राहिली.

गुरुवारी ब्रिटाला ओहायोतल्या एका इस्पितळात जागा मिळाली. सर्जरीचीच, पण एका वर्षापुरती. सर्जन व्हायला पाच वर्षं लागतात. या जागेवर पहिलं वर्ष राबायचं आणि पुढची चार वर्षं मिळतील याची कसलीही हमी नाही. वर्ष संपलं की पुन्हा अर्ज आणि पुन्हा तोच मार्च.

लोकांनी विचारलं तेव्हा मार्लिस म्हणाली, “सर्जरी. ओहायोला.” यात खोटं काहीच नव्हतं. मला मात्र तिने दंडाला धरून बजावलं, “एक अक्षर बोलायचं नाही हं.” मी बोलले नाही. पुढे कॉलेजने निकाल जाहीर केला. त्यात ‘जनरल सर्जरी – सहा’, आणि त्या सहांत पांढऱ्या कोटातली हसरी ब्रिटा. कोल्टनला आमच्याच भागात फॅमिली डॉक्टरकीची रेसिडेन्सी मिळाली होती. जोडी फुलांचा मोठा गुच्छ घेऊन रिंकवर आली आणि म्हणाली, “जिंकलीस बाई तू. मी जरा जळलेच, पण फुलं मनापासून आणलीत.”

मार्लिसने फुलं बादलीत ठेवली आणि काहीतरी काम काढून आतल्या खोलीत निघून गेली.

हॉकीचा पुढचा हंगाम सुरू झाला. रिंकच्या कँटीनमध्ये हॉट चॉकलेट विकणारी केंड्रा त्या वर्षी डॉक्टरकीच्या प्रवेशाच्या खटपटीत होती, आणि तिलाही त्याच दोन कॉलेजांनी बोलावलं. एका सामन्याच्या मध्यंतराला ती धावत बाकांपाशी आली.

“मार्लिस, मीपण ब्रिटाच्याच कॉलेजला जाणार! सहा सर्जन झालेत त्यांचे. जुन्यात दोनच. ब्रिटाला सांगा हं!”

मार्लिस हातमोजे चढवून गाडीकडे निघाली होती. ती थांबली.

“सहा नाहीत,” ती म्हणाली.

“म्हणजे?”

“माझी ब्रिटा सर्जन होत नाहीये. तिची मॅच लागलीच नव्हती. उरलेल्या जागांतून तिला एका वर्षाची जागा मिळाली. आता रगडून काम करून घेतील आणि जूनमध्ये म्हणतील, या आता. कॉलेज तिला सर्जनांत मोजतं.”

आजूबाजूच्या बायका, जोडीसुद्धा, तिच्याकडे वळल्या. केंड्राने हळूच विचारलं, “मग ते अठ्ठ्याण्णव टक्के?”

“ते शेवटच्या वर्षापर्यंत टिकले त्यांच्यातले. मधे गळले त्यांना कोण मोजतंय? तू त्यांना विचार, पहिल्या दिवशी वर्गात बसलेल्यांपैकी किती जणांना जागा मिळाली? आणि ती पूर्ण मुदतीची की वर्षाची? जुन्या कॉलेजलाही हेच विचार.”

जोडीला राहवलं नाही. “अगं, मग मी फुलं आणली तेव्हा का नाही बोललीस?”

“फुलं छान होती.”

खाली पंचाने शिट्टी मारली. खेळाडू ताटकळत होते. मार्लिस गाडीवर चढली, आणि त्या दिवशी तिने बर्फाचा एक अख्खा कोपरा कोरडाच सोडला.

बातमी ब्रिटापर्यंत पोचली ती कोल्टनकडून. त्याने बिचाऱ्याने सहानुभूती दाखवायला म्हणून निरोप पाठवला होता. ब्रिटाने आईला फोन केला आणि एवढंच म्हणाली, “ती माझी गोष्ट होती, आई. तुझी नव्हती.” त्यानंतर तिने आईचे फोन घेणं बंद केलं.

ते आठवडे मार्लिसने कसे काढले ते सगळ्या गल्लीने पाहिलं. पहाटे उठून ती स्वतःच्या दारातला बर्फ उपसायची, मग आमच्या, मग जोडीच्या. वेलचीचा गोड पाव इतका भाजला की डेल तो खाणीत वाटायला लागला. एकदा तर माझ्या प्रयोगशाळेत येऊन म्हणाली, “तुझ्या फोनवरून मला एक फोन लाव बघू, माझा बिघडलाय बहुतेक.” मी लावला. तिच्या हातात तो खणखणीत वाजला. तिने तो खिशात टाकला.

नाताळला ब्रिटा दोन दिवसांसाठी आली. डोळे खोल गेलेले, खांदे उतरलेले. नाताळच्या आदल्या दुपारी कोस्केलांच्या सौनात, म्हणजे वाफ घ्यायच्या खोलीत, शेजारणीही असतात, आणि मी तर दरवर्षीच असते. त्या वर्षी आम्ही तिघीच होतो. तापलेल्या दगडांवर पाणी पडलं, वाफ उठली.

मग ब्रिटा म्हणाली, “सांगायचंच होतं तर नीट तरी सांगायचंस. सहातले चौघं माझ्यासारखेच आहेत. वर्षाच्या जागेवर.”

“चौघं?” मार्लिस उठून उभीच राहिली.

“खाली बस, वर जास्त तापतं. आणि मॅच लागली नाही ते गावभर केलंस. मी तिथे रोज काम करते ते नाही सांगितलंस. परवा मी एका माणसाचं पोट शिवलं.”

“पोट शिवलंस?”

“वरची कातडी फक्त.”

“पण शिवलीस ना!”

ब्रिटाला हसू आलं. दाबायला गेली, पण आवरेना. हसता हसताच रडायलाही लागली. मार्लिसला काय करावं सुचेना, म्हणून तिने दगडांवर आणखी पाणी ओतलं आणि आम्हा सगळ्यांना जवळजवळ भाजून काढलं.

जरा वाफ विरल्यावर ब्रिटा म्हणाली, “आणि एक ऐक. कॉलेज मी निवडलं होतं. तू नुसती आरडाओरडा करत होतीस.”

लेकीच्या पाठीवर गार पाण्याचा टॉवेल टाकून मार्लिस तो दाबत राहिली.

त्या मार्चमध्ये ब्रिटाची मॅच लागली. सर्जरी नाही, भूलतज्ज्ञाची, नेब्रास्काला, पूर्ण मुदतीची. सर्जरी सुटल्याचं तिला अजून वाईट वाटतं. मागच्या उन्हाळ्यात तळ्यावर मासे पकडताना तिने मला तसं सांगितलं, आणि पुढच्याच वाक्यात भूल उतरताना माणसं काय काय बरळतात याच्या गोष्टी सुरू केल्या.

केंड्राने दोन्ही कॉलेजांना तो प्रश्न विचारला. जुन्याने सरळ उत्तर दिलं. नव्याने पुष्कळ गोड बोलून काहीच दिलं नाही. तरी ती नव्यातच गेली, कारण तिचा होणारा नवरा त्या शहरात नोकरीला आहे. मार्लिस ऑगस्टभर स्वतःशी पुटपुटत हिंडली. आता केंड्राचा कुठला विषय अडलाय, कुठली परीक्षा कधी आहे, हे सगळं तिला माहीत असतं.

परवा केंड्राची आई मला दुकानात भेटली. म्हणाली, “मार्लिसला जरा सांग ना, पोरीला इतक्यांदा फोन नको करूस म्हणावं. अभ्यास करू दे तिला.” मी हो म्हटलं. अजून सांगितलेलं नाही.