उतईच्या नळाला पाण्याची वेळ

भिलाईच्या सेक्टर दहामधलं क्वार्टर सोडताना प्रेमानंद गजभियेनं सगळ्यात शेवटी जे खोकं उचललं, त्यात भांडी नव्हती की कपडे नव्हते. त्याची मुलगी संघमित्रा हिचं पॉलिटेक्निकच्या दिवसांतलं सामान होतं. वायरींचा गुंता, खेळण्यातली चाकं, आणि पत्त्यांच्या जोडाएवढा एक हिरवा बोर्ड. त्या एवढ्याशा बोर्डावर अख्खा कॉम्प्युटर बसवलेला. त्याच्या जोरावर तिनं एकदा काळ्या पट्टीवरून आपोआप चालणारी गाडी केली होती. ती गाडी पट्टी सोडून थेट स्वयंपाकघरात गेली आणि पोळ्या लाटत बसलेल्या आईच्या, पंचफुलाच्या पाटाला धडकली. माय, बाप, लेक, तिघंही किती वेळ हसत होती!

आता लेक बंगळुरूला नोकरीला होती. प्रेमानंदची पोलादाच्या प्लांटच्या पंप हाउसमधली नोकरी संपली होती, आणि जवळच उतईला बांधलेल्या नव्या घरात नवरा-बायको दोघंच उरली होती. घर मोठं हौसेनं बांधलेलं. पण पंचफुलाचं मन तिथं लागेना. ती एक दिवस स्पष्टच बोलली,

"हे पाहा, बाबासाहेबांच्या जयंतीपर्यंत पाहीन मी. नाही करमलं तर हे घर किरायानं देऊ अन् सेक्टरातच एखादी खोली पाहू."

"कावून? काय कमी आहे इथं?"

"कमी काहीच नाही," ती म्हणाली आणि भाजी निवडायला बसली.

प्रेमानंदला वाटलं, तिचे दुखरे गुडघे. टाकी गच्चीवर, बोअरच्या मोटरचं बटन खाली. टाकी भरली का पाहायला तिला जिना चढावा लागे. ज्यानं जन्मभर भट्ट्यांना पाणी पुरवलं, त्याच्या बायकोनं पाण्यासाठी जिने चढावेत? त्यानं खोकं उघडलं आणि लेकीला फोन लावला.

"बाबा, सीधे मोटर नको जोडू," संघमित्रा म्हणाली. "पहले एक छोटीवाली बत्ती लाव. ती चालू-बंद झाली की मग पुढचं."

"मी एवढे मोठे पंप चालवले, अन् तू मले बत्ती शिकवून राहिली!"

"हाव, शिकवून राहिली. चुपचाप लाव."

त्यानं लावली. बोर्ड टीव्हीला जोडला, कीबोर्डवर दोन बोटांनी एकेक अक्षर टाइप केलं. तांदळाच्या दाण्याएवढी लाल बत्ती लागली, विझली, पुन्हा लागली. प्रेमानंद तिच्याकडे पाहतच राहिला. पंप हाउसच्या पॅनेलवर अशीच लाल बत्ती असे. रात्रपाळीत सोबतीला कोणी नसलं तरी ती असे. त्याला एकदम तिथल्या तेलाचा वास आला, पायाखालची जमीन थरथरल्यासारखी वाटली.

मग हळूहळू पुढचं काम झालं. टाकीत तरंगणारा गोळा बसवला. पाणी खाली गेलं की बोर्डाला कळायचं, बोर्ड रिले नावाच्या स्विचला सांगायचा, रिले मोटर सुरू करायचा. टाकी भरली की सगळं गप्प. कोणी जिना चढायचा नाही, कोणी बटन दाबायचं नाही.

"झालं," तो छाती फुगवून म्हणाला. "आता चोवीस तास पाणी."

"बरं," पंचफुला म्हणाली. बस, एवढंच.

फाल्गुनात भिलाई-3 ला नात्यातलं लग्न होतं. सकाळपासून वीज नव्हती, टाकी रिकामी, नळ कोरडा. निघताना पंचफुलानं अंगणातला नळ उघडाच ठेवला आणि खाली बादली लावली. सेक्टरमध्ये सगळ्याच बायका असं करत. पाणी यायचं तेव्हा येईल, आपण घरी नसलो तरी बादली भरलेली मिळेल. उरलेलं नालीत जाईल, आणि वेळ झाली की पाणी आपलं आपण बंद होईल.

इथं वीज आली, मोटर सुरू झाली. नळ उघडा, त्यामुळे टाकी भरेना. टाकी भरेना, त्यामुळे मोटर थांबेना. बोर्डानं सांगितलेलं काम इमानानं केलं.

दोघं परतली तेव्हा अंगणात तळं झालं होतं. कुंपणापलीकडचा शेजारी टिकाराम धोतर वर खोचून उभा.

"भइया," तो हसत ओरडला, "रोपा लगाबो का अंगना म?"

धान लावायची चेष्टा त्याला सुचत होती, पण प्रेमानंदचं लक्ष मोटरच्या आवाजाकडे गेलं. बोअर नुसती हवा आणि गढूळ पाणी ओकत होतं. त्यानं धावत मेन स्विच पाडला. चिखलातच पायरीवर बसला. मोटर वाचली होती, राग मात्र उतरेना.

"नळ उघडा कोण ठेवते? कावून ठेवला?"

"तीस वर्षं ठेवला!" पंचफुलाचा आवाज चढला आणि मग उतरला. "तिथं पाणी आपोआप थांबत होतं. आधी नळ खोकलत होता, मग धार. मी ओरडत होती, पाणी आलं! की समोरची ओरडत होती, तिच्या मागची ओरडत होती. बादल्या भरता भरता जगाच्या गोष्टी होत. तुमच्या चोवीस तासाच्या पाण्यात कोणाची वाटच पाहाची नाही. कोणी येतच नाही नळावर."

गुडघे नव्हते ते, हे प्रेमानंदला आत्ता कळलं.

त्यानं पुन्हा लेकीला फोन लावला. ठरल्या वेळी विजेवर उघडणारा-मिटणारा एक व्हॉल्व्ह नळासाठी मागवला. मोटर फार वेळ चालली तर बंद व्हावी, हेही बोर्डाला शिकवलं. अंगणातला नळ काढून फाटकाजवळ, कुंपणाला लागून बसवला. आणि टिकारामच्या बायकोला, मैनाबाईला सांगून आला, "भाभी, कल सुबह बाल्टी ले के आना."

सकाळी उजाडता उजाडता व्हॉल्व्ह उघडला. नळ खोकलला, हवा सोडली, पुन्हा खोकलला. पंचफुला अंथरुणातून ताडकन उठली.

"पाणी आलं!"

फाटकावर मैनाबाई पाण्यासाठी पितळेच्या दोन गुंड्या घेऊन आलीच होती. एकीची मराठी, दुसरीची छत्तीसगढी; पण नवऱ्यांची गाऱ्हाणी दोघींना नीट समजत होती. बादली भरून वाहू लागली तरी दोघींचं लक्ष नव्हतं. मग धार बारीक झाली आणि पाणी आपलं आपण थांबलं.

"बंद झालं पाहा," पंचफुला मैनाबाईला म्हणाली, जणू तिचंच कर्तृत्व होतं.

जयंती तोंडावर आली. प्रेमानंद रोज वाट पाहत होता, विचारत मात्र नव्हता. एका सकाळी चहाचा कप त्याच्यापुढे ठेवून पंचफुला म्हणाली,

"मे महिन्यात सेक्टरात पाणी आणखी लवकर सोडत होते. ऊन चढाच्या आत बायका मोकळ्या होत. तुमच्या मशीनले आतापासूनच सांगून ठेवा. नाहीतर मैनाबाईचे हाल होतीन."