आईची वीत

कुकरची रिंग ढिली पडली की आई ती काढून दंडात अडकवायची आणि तशीच बाजारात जायची. दुकानदाराने काढलेली नवीन रिंग जुनीवर ठेवून बघायची, मगच घ्यायची. भनपुरीतल्या आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, सगळ्याच बायका असं करायच्या. मी शाळेत असताना तिच्या चार पावलं मागून चालायचे. वर्गातली एखादी मुलगी भेटलीच, तर दंडात रबर अडकवलेली ही बाई माझी कोणी नाही असं वाटावं, एवढाच त्यामागे विचार.

पुढे कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि समता कॉलनीत एका भांड्यांच्या व्यापाऱ्याकडे नोकरीला लागले. हिंदी मुलखातलं आमचं शहर नव्या राज्याची राजधानी होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी तिथे ज्याला त्याला काहीतरी नवीन करून दाखवायची घाई होती. आमच्या मालकांनी कुकरचे सुटे भाग ऑनलाइन विकायला काढले. फोटो काढायचे, माहिती लिहायची, सगळं माझ्याकडे. मी स्वतःला फार शहाणी समजत होते. रिंगा तीन मापांच्या, तिन्ही काळ्या, तिन्ही गोल. मी मधल्या मापाचा एक फोटो काढला, पांढऱ्या कागदावर, छान उजेडात, आणि तोच तिन्ही ठिकाणी चिकटवला. खाली इंग्रजीत लिटर लिहून टाकले. म्हटलं, ज्याला घ्यायचं तो वाचेल.

रिंगा परत येऊ लागल्या. कोणाला मोठी झाली, कोणाला झाकणात बसेचना. मालकांनी विचारलं, "दीदी, लोग पढ़ते नहीं हैं क्या?" मला ते पटलं. घरी येऊन मीही तेच ऐकवलं, की या लोकांना अक्कल नाही, साधं माप वाचता येत नाही.

आई मेथी निवडत होती. म्हणाली, "आपला कुकर किती लिटरचा हाय, सांग बरं."

मला सांगता येईना. जन्मभर त्याच कुकरमधलं वरण खाल्लं होतं.

"तुले नाही मालूम, त त्याइले काहून मालूम असन?"

ती उठली, झाकणातून रिंग काढून ओट्यावर ठेवली, पंजा फाकवला. अंगठा एका कडेला, करंगळी दुसऱ्या कडेला. "हे पाह्य. एक वीत, पुरी. तुह्या मावशीचा मोठा हाय. त्याले वीत न् वरून दोन बोटं लागते."

खरं तर नोकरी मी करत होते आणि काम तिला कळत होतं.

त्या रविवारी मी तिन्ही रिंगा घरी आणल्या. आईने लिंबू चोळून बोटांची हळद काढली, ठेवणीतल्या बांगड्या घातल्या आणि खिडकीपाशी बसली. लहान रिंगेत तिची वीत मावेना, अंगठा दुमडावा लागला. मधलीत नेमकी बसली. मोठीत वीत ठेवून तिने दुसऱ्या हाताची दोन बोटं टेकवली. झाकणांचेही दोन फोटो काढले, एक आत सरकवायचं, एक वरून बसवायचं. म्हणजे घेणाऱ्याने आधी आपलं झाकण ओळखायचं, मग हात बघून माप ठरवायचं. वाचायची गरजच नाही.

तिच्या मनगटावर हिरवट गोंदण आहे, लहानपणी भंडाऱ्याकडच्या तिच्या गावात काढलेलं. तिने मध्येच विचारलं, "हे दिसून राहिलं का? झाकू का?"

"असू दे," मी म्हटलं. तेव्हा खरंच मनात काही नव्हतं.

फोटो चढवले त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मालकांचा फोन आला. मी लसूण सोलत होते, म्हणून स्पीकर लावला. आई मागे कणीक मळत होती.

"दीदी, फोटो बढ़िया हैं. ये हाथ किसका है? गोदना दिख रहा है."

त्यांच्या आवाजात नुसती चौकशी होती. ते आता कळतं. मला तेव्हा शाळेत असताना बाजाराच्या रस्त्यावर व्हायचं तसं झालं.

"हमारे यहाँ काम करने वाली बाई का है, भैया."

"अच्छा. रहने दो, असली लगता है."

फोन बंद झाला. मागे परातीचा आवाज क्षणभर थांबला आणि पुन्हा सुरू झाला. मला वळून बघता आलं असतं. आई, चुकलं, एवढं तरी म्हणता आलं असतं. मी लसूण सोलत राहिले. आमच्याकडे कामाला बाई कधीच नव्हती. धुणं, भांडी, झाडलोट, सगळं तीच करायची, आणि मला असं लसूण सोलण्यापलीकडे काही करू द्यायची नाही.

रिंगा परत येणं जवळजवळ थांबलं. मालकांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं आणि मी ते निमूट घेतलं, हेही सांगून टाकते. पुढे त्यांनी झाऱ्यासाठी, कढईसाठी तोच हात पुन्हा मागितला. मी सांगितलं, बाई गावाला गेली. मग नखं रंगवून स्वतःच्या हाताचे फोटो काढले. आईला पुन्हा विचारायची माझी हिंमत नव्हती. लाज केलेल्या गोष्टीची होतीच, पण ती रोज गरम पोळी वाढत होती त्याची जास्त होती.

काही महिन्यांनी आमच्या कुकरची रिंग ढिली पडली. या वेळी आईने ती दंडात अडकवली नाही. माझ्यासमोर टेबलावर आणून ठेवली.

"तुह्या दुकानातूनच मागव. बाजारात कोण जाते."

मी फोनवर पान उघडलं. तिने चष्मा लावला, फोन हातात घेतला, एकेक फोटो सरकवून पाहिला. मधल्यावर थांबली. बोटांनी तो मोठा करून पाहिला. आता बोलेल, असं मला वाटलं. बोलावं, असंही वाटलं.

"ही मधली," ती म्हणाली. "ह्या बाईची वीत माह्यायेवढीच दिसते."

बोलण्यात टोमणा नव्हता. तिने फोन परत दिला आणि गॅस बारीक करायला आत गेली.

मी मधली मागवली. माप बरोबर आलं.